पहिली रायफल: बांधावी की विकत घ्यावी?

आमच्या घरी खंडेनवमीला हत्यारांची पूजा असायची. घर कागल तालुक्यातलं, त्यामुळे हत्यारं म्हणजे आजोबांचा कोयता, दोन विळे, खुरपं, पटाशी आणि बाबांच्या स्कूटरचे पाने. तलवार-बंदूक आमच्या सात पिढ्यांत कुणाकडे नव्हती. आता पेनसिल्व्हेनियातल्या अपार्टमेंटमध्ये मी पाटावर लॅपटॉप आणि प्रयोगशाळेतल्या अ‍ॅलन कीचा संच मांडतो. यंदा त्या पाटावर एक रायफल असेल असं गेल्या हिवाळ्यात मला वाटत होतं. ती आली नाही. का आली नाही, हे तुम्हांला सांगायचं आहे, कारण त्या नादात मी एका प्रश्नावर तीन महिने घालवले आणि प्रश्नच चुकीचा निघाला.

तुमच्या भुवया वर गेल्या असणार, हे मला दिसतंय. आईच्याही गेल्या होत्या. फोनवर म्हणाली, "तुला रे कशाला पायजे बंदूक? तिकडं वाघ हाईत का?" वाघ नाहीत, हरणं आहेत. आमच्या भागात थँक्सगिव्हिंगनंतरच्या शनिवारी हरणाच्या शिकारीचा रायफल हंगाम सुरू होतो आणि पुढच्या सोमवारी अनेक शाळांना चक्क सुट्टी असते. आमच्या विभागाच्या वर्कशॉपमध्ये एक मशिनिस्ट आहेत, निवृत्तीला आलेले. माझ्या प्रयोगाचे अर्धे भाग त्यांनी बनवून दिलेत. ते मला एकदा रेंजवर घेऊन गेले, मग जंगलात. तांबडा-पांढरा रस्सा ओरपणाऱ्या कोल्हापूरकराला त्यांनी एकच विचारलं, "मटण तू विकत घेतोस तेव्हा ते जनावर कुणीतरी मारलेलं असतंच ना?" मला उत्तर सुचलं नाही.

कायद्याची एक गोष्ट आधीच सांगून ठेवतो, कारण तुमच्यापैकी बरेच जण माझ्यासारखेच एच-१बीवर असतील. नॉनइमिग्रंट व्हिसावर आलेल्या माणसाला अमेरिकेचा संघीय कायदा बंदूक बाळगू देत नाही. त्याला मोजके अपवाद आहेत आणि आपल्याला लागू पडण्यासारखा मुख्य अपवाद म्हणजे शिकारीचा वैध परवाना. पेनसिल्व्हेनियात पहिल्यांदा परवाना काढणाऱ्याला, वय काहीही असो, शिकार-प्रशिक्षणाचा कोर्स पुरा करावा लागतो. परवान्याचं वर्ष १ जुलैला सुरू होतं आणि ३० जूनला संपतं. परवाना संपला की माझ्यासारख्याचा बंदूक बाळगण्याचा आधारही संपतो. म्हणजे माझ्यासाठी हे दार शिकारीचं आहे. हे लक्षात असू द्या, पुढे कामाला येईल.

कोर्स झाला, परवाना आला आणि मग तो प्रश्न सुरू झाला: पहिली रायफल दुकानातून तयार घ्यावी की सुटे भाग आणून स्वतः बांधावी?

इथे 'बांधणं' म्हणजे भट्टी पेटवून लोखंड ठोकणं नव्हे. एआर-१५ जातीच्या रायफलीचे भाग सुटे मिळतात आणि ते जोडणं हा इथे हजारो लोकांचा छंद आहे. एआर म्हणजे आर्मालाइट, ज्या कंपनीत १९५०च्या दशकात यूजीन स्टोनरने हा आराखडा केला. पुढे कोल्टने हक्क घेतले आणि १९६४ पासून नागरिकांना विकायला काढलेल्या रायफलीच्या नावातच 'स्पोर्टर' शब्द घातला. २००९च्या सुमारास इथल्या उद्योगसंघटनेने 'मॉडर्न स्पोर्टिंग रायफल' हे नाव रूढ करायला घेतलं. नावात खेळ असला की वस्तू जरा हलकी वाटते.

गंमत अशी की कायद्याच्या नजरेत या सगळ्या भागांपैकी फक्त एकच भाग 'बंदूक' आहे. तो म्हणजे लोअर रिसीव्हर, ज्यात ट्रिगर आणि मॅगझिन बसतं तो अ‍ॅल्युमिनियमचा सांगाडा. त्याच्यावर अनुक्रमांक असतो आणि तो परवानाधारक दुकानदाराकडून, ४४७३ क्रमांकाचा फॉर्म भरून, पार्श्वभूमीची तपासणी होऊनच मिळतो. बॅरल, दस्ता, बोल्ट असं बाकीचं बहुतेक राज्यांत टपालाने घरी येतं, पुस्तकं यावीत तसं.

हे वाचताना मला मिलिंदप्रश्नातला रथ आठवला. ग्रीक राजा मिलिंद रथातून आलेला असतो. भिक्षू नागसेन त्याला विचारतो, रथ म्हणजे नेमकं काय? दांडा म्हणजे रथ का? आस? चाकं? राजा प्रत्येकाला नाही म्हणतो आणि शेवटी दोघांचं ठरतं की 'रथ' हे या सगळ्यांच्या जोडणीला व्यवहारात दिलेलं नाव आहे. अमेरिकन कायद्याला इतका वेळ नाही. त्याने एका भागावर बोट ठेवलं आणि सांगितलं, रथ हा इथे आहे.

पण प्रश्न तेवढ्यावर मिटला नाही. थोडंसं काम शिल्लक ठेवलेले, अनुक्रमांक नसलेले सांगाडे आणि संपूर्ण किट बाजारात आले. ही बंदूक नव्हेच, असं विकणाऱ्यांचं म्हणणं. २०२२ साली संघीय खात्याने नियम केला की सहज बंदूक होऊ शकणारे असे किटही बंदूकच धरले जातील. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. २६ मार्च २०२५ रोजी सात विरुद्ध दोन मतांनी तो नियम टिकला. निकाल लिहिला न्यायमूर्ती नील गोर्सच यांनी आणि त्यात त्यांनी उदाहरण दिलं ते आयकियाच्या टेबलाचं. टेबल अजून खोक्यात असतं, जोडायला काही तास लागणार असतात, तरी माणूस 'मी टेबल आणलं' असंच म्हणतो. नागसेनाला हा युक्तिवाद आवडला असता.

मी बांधण्याच्या बाजूचा होतो, अगदी ठाम. माझी कारणं ऐका, कारण ती तुमचीही असू शकतात. मी प्रयोग करणारा माणूस आहे. जे उपकरण मी स्वतः उभं केलं ते बिघडलं तर कुठे बिघडलं हे मला कळतं; विकत आणलेलं बिघडलं तर कंपनीला ईमेल लिहून वाट पाहतो. दुसरं कारण नैतिक होतं, किंवा मला तसं वाटत होतं. इतकी गंभीर वस्तू पैसे फेकून उचलून आणणं मला उथळ वाटत होतं. जिचा प्रत्येक स्क्रू मी आवळलाय ती मी जपून वापरेन, असा माझा होरा. आजोबा कोयत्याला धार स्वतः लावायचे, दुसऱ्याला लावू द्यायचे नाहीत. तोच संस्कार, असं मी स्वतःला सांगत होतो.

पहिला धक्का इतिहासाने दिला. आमच्या राज्यातलं लँकेस्टर हे अठराव्या शतकातल्या नामांकित 'लाँग रायफल'चं माहेर. जर्मन वंशाच्या बंदूक-कारागिरांनी मेपलच्या लाकडाचे देखणे दस्ते घडवले. पण तेही बंदुकीचं लॉक, म्हणजे ठिणगी पाडणारी यंत्रणा, अनेकदा इंग्लंड-जर्मनीहून आलेली विकत घेत. जुन्या हत्यारांनी, जवळपास सगळे भाग एका हाताने करणं इतकं दुर्मीळ की विल्यम्सबर्गच्या वॉलेस गस्लर यांनी ते करून दाखवलं तेव्हा १९६९ मध्ये त्यावर माहितीपट निघाला. म्हणजे 'मी बांधली' हे वाक्य नेहमीच थोडं उसनं असतं. मी तर फक्त जोडणार होतो.

दुसरा धक्का मानसशास्त्राने दिला. मायकेल नॉर्टन आणि सहकाऱ्यांनी २०१२ साली 'आयकिया इफेक्ट' नावाचा निबंध प्रसिद्ध केला. लोकांना कागदाच्या घड्या घालून बेडूक आणि पक्षी करायला लावले. करणाऱ्यांनी आपल्या वेड्यावाकड्या कलाकृतींना जवळपास तज्ज्ञांच्या कामाइतकी किंमत लावली. इतरांना तो चुरगाळलेला कागद वाटला. दिवाळीत घरी केलेली चकली तेल प्यायली तरी दुकानातल्यापेक्षा छान लागते ना, तेच हे. चकलीच्या बाबतीत यात काही बिघडत नाही. पण मी ज्याला जबाबदारीची भावना म्हणत होतो ती निव्वळ माया असेल तर? मायेने माणूस वस्तू पुसतो, मिरवतो. मायेने तिच्यातला दोष दिसत नाही.

आमच्या लॅबमध्ये लेझर आहेत, डोळा क्षणात जाईल असे. दार उघडलं की लेझर आपोआप बंद करणारी एक इंटरलॉक यंत्रणा मी स्वतः बसवली होती. फार झकास बसवली होती. सुरक्षा अधिकारी आल्या आणि त्यांनी सगळी पुन्हा तपासली. मी थोडा दुखावलो. त्या म्हणाल्या, "तुम्ही बांधलीय, म्हणूनच तुम्ही तपासायची नाही." वर्षानुवर्षं हा नियम मी पाळतोय आणि घरी बंदूक बांधताना मात्र बांधणारा मी, तपासणारा मी आणि शाबासकी देणाराही मीच राहणार होतो.

मशिनिस्टकाकांनी (मी त्यांना मनात काकाच म्हणतो) मला एक साधा मुद्दा समजावला. काडतूस चेंबरमध्ये बसल्यावर त्याच्या मागे बोल्टपर्यंत किती जागा उरते, याला हेडस्पेस म्हणतात. ती गरजेपेक्षा जास्त असेल तर काडतुसाचं पितळ फाटू शकतं आणि तापलेला वायू नेमबाजाच्या चेहऱ्याकडे येऊ शकतो. ती डोळ्यांनी दिसत नाही, हाताला जाणवत नाही. त्यासाठी दुसऱ्या कुणीतरी, दुसऱ्या ठिकाणी, ठरलेल्या मापाने घासून केलेला गेज लागतो. "आपुलकीने हेडस्पेस कळत नाही," ते म्हणाले. त्यांनी स्वतः तीन रायफली बांधल्यात आणि त्यांच्याइतका काळजीवाहू माणूस मी पाहिलेला नाही. तेव्हा बांधणारे बेजबाबदार आणि विकत घेणारे सज्जन, असा सोपा निष्कर्ष इथे काढू नका. दुकानातून आणलेली रायफल कपाटाबाहेर उघडी ठेवणारेही आहेतच.

मग आजोबांच्या कोयत्याचं काय? आणि मटणाबद्दलच्या त्या प्रश्नाचं? स्वहस्ते करण्याला काही नैतिक मोल नाहीच का? आहे, असं मला अजूनही वाटतं. पण ते मोल कुठून येतं हे पाहायला हवं. शिकारी हरिण मारतो तेव्हा रक्त त्याच्या हाताला लागतं, वजन त्याला ओढावं लागतं, नेम चुकून जनावर जखमी झालं तर रात्रभर त्याचा माग काढावा लागतो. आजोबांच्या कोयत्याची धार बोथट असली तर त्याच दुपारी त्यांच्याच खांद्याला कळायचं. तिथे करणाऱ्या हाताला परिणाम येऊन भिडतो. जेवणाच्या टेबलावर बसून मी पिना आणि स्प्रिंगा जोडतो तेव्हा माझ्या हाताला काय भिडतं? समाधान. त्या वस्तूचा खरा परिणाम तिच्या दुसऱ्या टोकाला आहे आणि तिथे मी नाही, दुसरं कुणीतरी आहे. बांधण्यातून ज्ञान येतं, मालकी येते, अभिमान येतो. जबाबदारी त्यासोबत आपोआप येत नाही.

आता तिसरा आणि सगळ्यांत हास्यास्पद धक्का. तीन महिने भागांच्या याद्या करून झाल्यावर मी एका रात्री गेम कमिशनची नियमपुस्तिका नीट वाचली. हरणासारख्या मोठ्या जनावरांसाठी सेमी-ऑटोमॅटिक रायफल चालत नव्हती. प्रत्येक गोळीनंतर हाताने बोल्ट ओढावा लागेल अशीच हवी होती. म्हणजे मी ज्या रायफलीचे स्क्रू मोजत होतो ती हरणासाठी नेताच आली नसती. कोर्समध्ये हे सांगितलं होतं, माझ्या वहीत माझ्याच अक्षरात लिहिलेलंही होतं. ज्या शिकारीच्या दारातून कायद्याने मला आत घेतलं, त्या शिकारीला निरुपयोगी वस्तू मी मनातल्या मनात बांधत बसलो होतो.

हे मी बायकोला हसत हसत सांगितलं. ती हसली नाही. म्हणाली, "मग ही नेमकी कशासाठी होती?"

त्या हिवाळ्याबद्दल मी आत्तापर्यंत काही बोललो नाही. नोव्हेंबरात बाबा गेले. तिकीट, व्हिसाचा शिक्का, दिल्लीचं धुकं. मी घरी पोचलो तेव्हा सगळं आटोपलं होतं. परत आलो तर दोन वर्षं चाललेला प्रयोग फसल्याचं स्पष्ट झालं. पाच वाजता अंधार. रात्री दोनला उठून मी स्वयंपाकघरात बसायचो आणि बॅरलची, ट्रिगरची तुलना करणारे तक्ते करायचो. त्या तक्त्यांनी मला बरं वाटायचं, कारण त्यात प्रत्येक प्रश्नाला उत्तर होतं. 'बांधू की घेऊ' हा प्रश्न इतका रसाळ होता की त्याच्या आधीचा प्रश्न त्याच्याखाली सहज दडपला गेला: या घरात, या माणसाजवळ, या हिवाळ्यात ही वस्तू असावी का?

बायकोने तो विचारला. शांतपणे, चहा गाळता गाळता. "तू झोपत नाहीस. तू आत्ता बंदूक घरात ठेवण्याच्या अवस्थेत आहेस असं तुला वाटतं का?" मला राग आला. बंदुकीने काही करेन असा विचार माझ्या मनात नव्हता, हे मी आजही खरं सांगू शकतो. पण आकडे मला माहीत होते. २०२३ साली अमेरिकेत बंदुकीने ४६,७२८ माणसं मेली. त्यांतल्या सुमारे २७,३०० जणांनी स्वतःचा जीव घेतला. निम्म्याहून अधिक. बंदूक बहुधा चोरासाठी किंवा हरणासाठी घरात येते आणि तिच्या मालकाच्या सगळ्यांत वाईट रात्रीही तिथेच असते. ती रात्र कधी येईल हे खरेदीच्या दिवशी कुणालाच ठाऊक नसतं. तुमच्यापैकी कुणाची ती रात्र आत्ता चालू असेल तर रायफलीचा विषय बाजूला ठेवा आणि ९८८ला फोन करा. मी पुढे समुपदेशकाकडे गेलो, आणि त्यात लाजण्यासारखं काही सापडलं नाही.

४४७३चा फॉर्म बांधणाऱ्यालाही भरावा लागतो, घेणाऱ्यालाही. त्यात गुन्ह्यांबद्दल विचारतात, न्यायालयाने मनोरुग्ण ठरवलंय का विचारतात, व्हिसाबद्दल विचारतात. 'तुम्हांला झोप लागते का?' असा रकाना त्यात नाही. सरकारने तो विचारावा असं मी म्हणत नाही. पण कुणीतरी विचारायला हवा, आणि ज्याला विचारायचा तो स्वतःच स्वतःला विचारू शकत नाही. लेझरच्या दारासारखंच आहे ते.

म्हणून तुम्हांला माझं उत्तर. 'पहिली रायफल बांधावी की विकत घ्यावी' या वाक्यात मी इतके दिवस क्रियापदांकडे पाहत होतो. वजन 'पहिली' या शब्दावर आहे. पहिल्या वेळी आपल्याला काय माहीत नाही हेच आपल्याला माहीत नसतं. अशा वेळी वस्तू जितक्या परक्या हातांतून तावून येईल तितकी बरी: मापाने तपासणारा कारखाना, काउंटरपलीकडचा दुकानदार, शिकवणारा जाणता माणूस आणि घरातलं एक माणूस, ज्याच्या 'नको'ला आपण मान देऊ. पहिली विकत घ्यावी, हाताने बोल्ट ओढायची, साधी. तिला आपलीशी करायला पुढे आयुष्य आहे. आमच्या कोल्हापूर जिल्ह्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्निल कुसाळेने १ ऑगस्ट २०२४ रोजी पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५० मीटर थ्री पोझिशन्समध्ये कांस्यपदक मिळवलं. त्या खेळातल्या रायफली कारखान्यातूनच येतात. मग नेमबाज गालाचा आधार, खांद्याचा आधार स्वतःच्या शरीराला जुळवत जातात, आणि गुडघ्यावर, पालथं आणि उभं राहून तीच रायफल वर्षानुवर्षं शिकतात. ती कुणाची, असं त्यांना कुणी विचारत नाही.

मी मात्र यंदा तीही घेतली नाही. शनिवारी नारंगी जाकीट घालून मी मशिनिस्टकाकांच्या शेजारी बसणार आहे, रिकाम्या हातांनी. पुढच्या वर्षी जुलैत परवाना नवा होईल तेव्हा बायको, काका आणि मी, तिघांचं मत पडलं तर दुकानात जाऊ. एकाचं जरी नाही पडलं तर नाही.

खंडेनवमीला पाटावर लॅपटॉप आणि अ‍ॅलन की होत्याच. बाबांच्या स्कूटरचा एक पाना मी येताना गावाहून आणलाय. तोही ठेवला, हळद-कुंकू वाहिलं. आईला व्हिडिओ कॉलवर दाखवलं. तिने आधी पाटावरच्या वस्तू नीट मोजून पाहिल्या, आणि मग म्हणाली, "जेवलास का?"